रंगांची उतरती पट्टी आणि पावसाचा नकाशा : कमांड लाइनवरून ग्रेडियंट चित्रे



आजचा पाठ संगणक, गणित आणि भूगोल अशा तीन विषयांचा मिळून आहे. एका रंगातून दुसऱ्या, तिसऱ्या रंगात हळूहळू जाणारी चित्रं आपण रोज पाहतो. मोबाइलच्या पडद्यामागचं चित्र, निमंत्रण पत्रिका, शाळेच्या कार्यक्रमाचा बॅनर, टीव्हीवरचा पावसाचा नकाशा, सगळीकडे अशा उतरत्या छटा असतात. याला ग्रेडियंट म्हणतात. माउसने ओढून ग्रेडियंट करायला मुलं दोन मिनिटांत शिकतात, पण त्यातून 'हा मधला रंग आला कुठून?' या प्रश्नाचं उत्तर काही मिळत नाही. तेच चित्र आज्ञा टाइप करून, आकडे देऊन केलं की उत्तर आपोआप सापडतं. शिवाय रंगीत नकाशातला कोणता रंग मोजलेला आहे आणि कोणता नुसता अंदाज आहे, हेही समजतं. इस्लापूरसारख्या शेतकरी गावात या दुसऱ्या गोष्टीला फार किंमत आहे. ती का, ते पाठाच्या शेवटच्या भागात पाहू.

इयत्ता : ७ वी ते ९ वी
वेळ : तीन तासिका
साहित्य : एक संगणक (पाच-सहा मुलांचा गट असला तरी चालेल), इमेजमॅजिक हे सॉफ्टवेअर, आलेख कागद, रंगीत खडू
पूर्वज्ञान : गुणोत्तर व प्रमाण, सरासरी, आलेखावरील बिंदूचे निर्देशक

उद्दिष्टे

१. संगणकातला रंग म्हणजे तीन संख्या असतात, हे मुलांनी स्वतः पडताळून पाहणे.
२. दोन रंगांमधली छटा प्रमाणाने काढता येणे.
३. तीन किंवा अधिक रंगांची पट्टी आज्ञेने तयार करणे.
४. रंगीत नकाशा वाचताना मोजलेली जागा आणि भरून काढलेली जागा यातला फरक ओळखणे.

इमेजमॅजिकची ओळख

इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्युपाँ या कंपनीत काम करताना ते लिहायला घेतलं आणि १९९० साली ते सर्वांसाठी खुलं झालं. विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळ्या संगणकांवर ते चालतं. यात बटणं शोधत बसावं लागत नाही. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये किंवा कमांड प्रॉम्प्टवर, एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. जुन्या, मंद संगणकावरही हे काम होतं, त्यामुळे शाळेच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला संगणक या पाठाला पुरतो. लिनक्सवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल इमेजमॅजिक' या आज्ञेने ते बसवता येतं. ज्यांच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे त्यांना टर्मक्स नावाच्या ॲपमध्ये 'पीकेजी इन्स्टॉल इमेजमॅजिक' असं म्हणून तेच सॉफ्टवेअर घेता येतं.

आज्ञा वाचण्याची पद्धत

या पाठात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, म्हणजे वर्गात मोठ्याने वाचून सांगता येतात. संगणकावर मात्र शब्द आणि अंक इंग्रजीत टाइप करायचे. जिथे जागा सोडली आहे तिथेच जागा सोडायची. नवख्या मुलांची आज्ञा बहुतेक वेळा या जागेपायीच फसते.

अडणाऱ्या शब्दांची अक्षरं फळ्यावर लिहून ठेवा:

- मॅजिक : नेहमीचं स्पेलिंग, शेवटी 'सी'नंतर 'के'
- ग्रेडियंट : जी-आर-ए-डी-आय-ई-एन-टी
- अपेंड : ए-पी-पी-ई-एन-डी
- स्पार्स : एस-पी-ए-आर-एस-ई
- कलर : यात 'यू' नाही
- शेपर्ड्स : एस-एच-ई-पी-ए-आर-डी-एस
- व्होरोनॉय : व्ही-ओ-आर-ओ-एन-ओ-आय

सॉफ्टवेअरची सहावी आवृत्ती असेल तर 'मॅजिक'च्या जागी 'कन्व्हर्ट' हा शब्द लागतो. विंडोजवर मात्र 'कन्व्हर्ट' वापरू नका. त्या नावाची विंडोजची स्वतःची एक आज्ञा आहे आणि ती हार्ड डिस्कशी संबंधित आहे. तिथे सातवी आवृत्ती घ्यावी आणि 'मॅजिक'च लिहावं.

कृती १ : दोन रंग आणि मधले आकडे

संगणकाच्या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तीन दिव्यांचा असतो : लाल, हिरवा, निळा. प्रत्येक दिवा ० ते २५५ यांपैकी कितीही पेटवता येतो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. अशी प्रत्येकी २५६ पावलं, म्हणून एकूण रंग २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या.

लाल म्हणजे (२५५, ०, ०). पिवळा म्हणजे (२५५, २५५, ०). इथे मुलं हमखास अडतात. 'पिवळ्यात हिरवा कसा काय?' असं विचारतात. चित्रकलेच्या तासाला रंग मिसळले की ते गडद होत जातात. पडद्यावर प्रकाश मिसळतो, म्हणून तो उजळत जातो. लाल आणि हिरवा प्रकाश एकत्र पडला की डोळ्याला पिवळा दिसतो.

आता पहिली आज्ञा:

मॅजिक -साइझ ३००एक्स१५० ग्रेडियंट:रेड-येलो पट्टी१.पीएनजी

याचा अर्थ : ३०० पिक्सेल रुंद, १५० पिक्सेल उंच चित्र कर, वर लाल, खाली पिवळा, आणि ते 'पट्टी१' या नावाने साठव. फाइल उघडली की वरून खाली लालचा नारिंगी आणि नारिंगीचा पिवळा होत गेलेला दिसेल. पट्टी आडवी हवी असेल तर फाइलच्या नावाआधी '-रोटेट -९०' लिहायचं, म्हणजे वरचा लाल डावीकडे येतो.

आता खरा धडा. चित्र अगदी लहान करू : रुंदी १, उंची ५ पिक्सेल. आणि चित्राऐवजी आकडेच मागू:

मॅजिक -साइझ १एक्स५ ग्रेडियंट:रेड-येलो -डेप्थ ८ टीएक्सटी:-

ही आज्ञा फाइल बनवत नाही, तर पाचही पिक्सेलचे आकडे खिडकीत छापते. एंटर दाबण्याआधी मुलांनी ते आकडे वहीत काढायचे. लाल २५५ आणि निळा ० हे दोन्ही तसेच राहतात. फक्त हिरवा ० पासून २५५ पर्यंत जातो. पिक्सेल ५, पण मधली अंतरं ४. कुंपणाला पाच खांब रोवले तर मधले गाळे चार असतात, तसंच. म्हणून एक पाऊल २५५ ÷ ४ = ६३.७५. आकडे असे येतात : ०, ६४, १२८, १९१, २५५.

खिडकीतले आकडे वहीशी ताडून पाहा. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीनुसार मधला आकडा १२८ किंवा १२७.५ असा दिसेल, म्हणजे पूर्णांकात बदलण्याचा मुद्दाही तिथेच शिकवता येतो. वहीतला आणि खिडकीतला आकडा जुळला की मुलांच्या लक्षात येतं की नारिंगी रंग कुणी मधे भरला नव्हता, तो लाल आणि पिवळ्याच्या सरासरीतून आला.

कृती २ : तीन आणि अधिक रंग

आता लाल ते हिरवा अशी सरळ पट्टी करून बघा. या सॉफ्टवेअरमध्ये 'ग्रीन' म्हणजे गडद हिरवा (०, १२८, ०) आणि 'लाइम' म्हणजे पूर्ण पेटलेला हिरवा (०, २५५, ०). म्हणून:

मॅजिक -साइझ ३००एक्स१५० ग्रेडियंट:रेड-लाइम पट्टी२.पीएनजी

मधोमध काय दिसतं? मळका, शेवाळी रंग. मुलं म्हणतील, 'पिवळा यायला पाहिजे होता.' आता आकडे बघू. लाल (२५५, ०, ०) आणि लाइम (०, २५५, ०) यांची सरासरी (१२८, १२८, ०). पिवळ्याला २५५ आणि २५५ लागतात. इथे दोन्ही दिवे निम्मेच पेटले आहेत. म्हणून पिवळ्याचीच अंधारलेली छटा आली. लाल आणि आकाशी (०, २५५, २५५) यांच्या मधोमध तर सरळ करडा (१२८, १२८, १२८) येतो.

यावर उपाय म्हणजे मधे आपल्याला हवा तो रंग स्वतः ठेवायचा. दोन पट्ट्या करून एकीखाली एक जोडायच्या:

मॅजिक -साइझ ३००एक्स१५० ग्रेडियंट:रेड-येलो ग्रेडियंट:येलो-लाइम -अपेंड पट्टी३.पीएनजी

'-अपेंड' म्हणजे एकाखाली एक जोड. '+अपेंड' म्हणजे शेजारी शेजारी जोड. वजा आणि अधिक या चिन्हांनी अर्थ बदलतो, हे मुलांना लगेच लक्षात राहतं. पहिल्या पट्टीचा शेवटचा रंग आणि दुसरीचा पहिला रंग एकच असला पाहिजे, नाहीतर सांधा दिसतो. आगगाडीच्या डब्यांच्या जोडणीसारखंच हे. असे कितीही डबे जोडा. चार रंगांना तीन डबे, सात रंगांना सहा डबे.

प्रत्येक डब्याची लांबी वेगळी ठेवता येते:

मॅजिक -साइझ ३००एक्स५० ग्रेडियंट:रेड-येलो -साइझ ३००एक्स२५० ग्रेडियंट:येलो-लाइम -अपेंड पट्टी४.पीएनजी

रंग तेच तीन, पण आता पिवळा वर सरकला आणि चित्राचा बहुतेक भाग हिरवट झाला. पट्टी३ आणि पट्टी४ शेजारी शेजारी ठेवून मुलांना विचारा, 'या पट्ट्या उन्हाळ्यातल्या तापमानाच्या नकाशाची सूची असत्या आणि वरचं टोक जास्त तापमानाचं असतं, तर कोणत्या नकाशात गाव जास्त तापलेलं दिसलं असतं?' तापमान तेच, रंग तेच, पण मधला रंग कुठे ठेवला यावरून बघणाऱ्याचं मत बदलतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अनेक रंगांची पट्टी करण्याची आणखी एक सोपी युक्ती आहे. एकेका पिक्सेलचे रंग शेजारी मांडायचे आणि ते ताणून मोठे करायचे:

मॅजिक एक्ससी:रेड एक्ससी:येलो एक्ससी:लाइम एक्ससी:ब्लू +अपेंड -फिल्टर ट्रायअँगल -रिसाइझ ६००एक्स१५०! पट्टी५.पीएनजी

'एक्ससी:' म्हणजे एकाच रंगाचा कोरा तुकडा. आकार न सांगितल्यास तो एक पिक्सेलचा असतो. उद्गारचिन्ह म्हणजे 'लांबी-रुंदीचं मूळ प्रमाण पाळू नकोस, मी सांगतो तेवढंच कर.' या पद्धतीत दोन्ही टोकांना रंग थोडा वेळ सपाट राहतो, कारण टोकाच्या पिक्सेलच्या पलीकडे मिसळायला दुसरा रंगच नसतो.

इथे मुलांना आपल्या परिसराच्या पट्ट्या करायला द्या. पळसाच्या फुलाची नारिंगी, सागाच्या कोवळ्या पानापासून वाळलेल्या पानापर्यंतच्या छटा, पावसाळ्यात सहस्रकुंडला पडणाऱ्या पैनगंगेच्या पाण्याचा गढूळ तपकिरी. नावं सापडली नाहीत तर आकड्यांनी रंग द्यायचा, पण तो अवतरण चिन्हांत:

मॅजिक -साइझ ३००एक्स१५० "ग्रेडियंट:आरजीबी(१२०,१७०,६०)-आरजीबी(१४०,९०,५०)" साग.पीएनजी

आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा या दिव्यांचे आकडे, त्याच क्रमाने. बाहेरून एक पान आणायचं, पडद्याशेजारी धरायचं आणि आकडे कमी-जास्त करत रंग जुळवायचा. या खेळात तासिका कधी संपते ते कळत नाही.

कृती ३ : ठिकठिकाणचे रंग आणि मधली जागा

आतापर्यंत रंग एका दिशेने जात होता. आता चौकोनी चित्रात चार वेगळ्या ठिकाणी चार रंग ठेवू आणि मधली जागा संगणकाला भरायला सांगू. पावसाचा नकाशा असाच बनतो.

समजा अ, ब, क, ड अशी चार मंडळं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक पर्जन्यमापक आहे. सकाळी ८.३० वाजता मागच्या २४ तासांचा पाऊस मोजला. आकडे पाठासाठी कल्पिलेले आहेत:

अ : २४ मिमी, ब : ६० मिमी, क : ७२ मिमी, ड : ९६ मिमी

रंग ठरवू. ० मिमीला पांढरा (२५५, २५५, २५५) आणि १२० मिमीला पूर्ण निळा (०, ०, २५५). म्हणजे निळा दिवा कायम पेटलेला. लाल आणि हिरवा पावसाबरोबर मंदावत जाणार. १२० मिमीला २५५ कमी होतात, तर १ मिमीला २.१२५. मुलांनी त्रैराशिक मांडायचं:

अ : २४ × २.१२५ = ५१, म्हणून २५५ − ५१ = २०४
ब : ६० × २.१२५ = १२७.५, म्हणून सुमारे १२८
क : ७२ × २.१२५ = १५३, म्हणून १०२
ड : ९६ × २.१२५ = २०४, म्हणून ५१

आता आज्ञा (एकाच ओळीत टाइप करायची):

मॅजिक -साइझ ४००एक्स४०० एक्ससी:व्हाइट -स्पार्स-कलर शेपर्ड्स "६०,६० आरजीबी(२०४,२०४,२५५) ३४०,८० आरजीबी(१२८,१२८,२५५) १००,३३० आरजीबी(१०२,१०२,२५५) ३२०,३२० आरजीबी(५१,५१,२५५)" पाऊस१.पीएनजी

प्रत्येक रंगाआधीचे दोन आकडे म्हणजे त्या ठिकाणाचे निर्देशक : डावीकडून किती आणि वरून किती. आलेख कागदावर आपण खालून वर मोजतो, पडद्यावर वरून खाली मोजतात. हा फरक आधीच सांगून टाका.

चित्र छान दिसतं. टीव्हीवरच्या नकाशासारखं, सगळीकडे मऊ, कुठेही रेघ नाही. आता तीच आज्ञा पुन्हा द्यायची. फक्त 'शेपर्ड्स' हा एक शब्द काढून 'व्होरोनॉय' लिहायचा आणि फाइलचं नाव 'पाऊस२' करायचं.

चित्र पूर्ण बदललं! चार सपाट तुकडे, मधे सरळ रेषा. माहिती तीच चार आकड्यांची, बदलला तो मधली जागा भरण्याचा नियम.

व्होरोनॉय पद्धतीचा नियम असा : जो मापक सर्वांत जवळ, त्याचा रंग घे. गणितज्ञ जॉर्जी व्होरोनॉय यांचं नाव तिला मिळालं आहे. अमेरिकेतले हवामानतज्ज्ञ अल्फ्रेड थीसन यांनी १९११ साली मोठ्या प्रदेशाचा सरासरी पाऊस काढण्यासाठी हीच कल्पना वापरली. जलशास्त्रात ती आजही थीसन बहुभुज म्हणून शिकवतात.

शेपर्ड पद्धत डोनाल्ड शेपर्ड यांनी १९६८ साली मांडली. तिचा नियम : सगळ्या मापकांची सरासरी घे, पण जवळच्याला जास्त वजन दे. वजन म्हणजे १ भागिले अंतराचा वर्ग. हे फळ्यावर करून दाखवा. सोपं जावं म्हणून फक्त ब आणि क घेऊ. एक गाव क पासून १ किमी आणि ब पासून २ किमी आहे. क चं वजन १, ब चं वजन १/४.

(७२ × १ + ६० × ०.२५) ÷ १.२५ = (७२ + १५) ÷ १.२५ = ६९.६ मिमी

नकाशा त्या गावाला ६९.६ मिमीचा रंग देईल. दशांशासकट आकडा आला, पण त्या गावात पर्जन्यमापकच नव्हता. हे वाक्य मुलांकडून दोनदा म्हणवून घ्या.

हे सगळं कशासाठी? ६५ मिमीची गोष्ट

आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी धरतात. पुढे पंचनामा होतो आणि पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालं असेल तर मदतीचा विचार होतो. किनवट तालुक्यातल्या घरांमध्ये कापूस, सोयाबीन, तूर असते, त्यामुळे आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी हे शब्द घरी ऐकलेले असतात. मंडळ पातळीवर पाऊस मोजण्यासाठी राज्यात महावेध प्रकल्पाखाली स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. पण एका मंडळात बरीच गावं येतात आणि वळवाचा पाऊस तर बैलाचं एक शिंग भिजवतो, दुसरं कोरडं ठेवतो, असं आपणच म्हणतो.

आता आपली दोन चित्रं शेजारी ठेवा. समजा एक गाव ब आणि क च्या बरोबर मधे आहे. शेपर्ड पद्धतीने फक्त या दोन मापकांवरून त्याचा पाऊस ६६ मिमी येतो, म्हणजे ६५ च्या वर. पण गाव ब मंडळात आहे, आणि ब चा मापक ६० सांगतो, म्हणजे ६५ च्या खाली. एकाच गावासाठी मऊ नकाशा 'अतिवृष्टी' म्हणतो आणि मंडळाचा आकडा 'नाही' म्हणतो.

मुलं लगेच विचारतील, 'मग खरं काय, सर?' दोन्हीही त्या गावात मोजलेलं नाही. मऊ नकाशा शेजाऱ्यांवरून अंदाज बांधतो. मंडळाचा नियम एका मापकाचा आकडा सगळ्या गावांना लावतो. व्होरोनॉयच्या चित्रासारखं तिथेही सीमेवर एकदम पाऊल पडतं. फक्त मंडळाची सीमा अंतरावर ठरलेली नसून गावांच्या यादीवर ठरलेली असते. त्यामुळे कधी कधी एखाद्या गावाला शेजारच्या मंडळाचा मापक अधिक जवळ असू शकतो. खरा पाऊस सांगेल तो त्या शिवारात ठेवलेला मापकच.

आणखी एक गंमत बघा. ब चा रंग (१२८, १२८, २५५) आणि क चा (१०२, १०२, २५५). उतरत्या छटेत हे दोन रंग इतके जवळचे आहेत की लांबून सारखेच वाटतात. पण नियमाच्या दृष्टीने ब आणि क मधे मोठी रेघ आहे. ती रेघ दाखवायची तर दोनच रंगांची सूची करावी लागेल:

मॅजिक -साइझ ३००एक्स१५० एक्ससी:लाइटब्लू एक्ससी:ब्लू -अपेंड सूची.पीएनजी

फिका म्हणजे ६५ किंवा कमी, गडद म्हणजे ६५ पेक्षा जास्त. आता रेघ दिसली, पण ब ला फक्त ५ मिमी कमी पडले आणि अ ला ४१ मिमी, हे झाकलं गेलं. म्हणून नकाशा कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला काढला आहे, हे आधी विचारायचं.

नववीच्या भूगोलात वितरणाचे नकाशे येतात : टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत आणि सममूल्य पद्धत. आपलं तुकड्यांचं चित्र क्षेत्रघनीच्या जवळचं आणि मऊ चित्र सममूल्य रेषांच्या जवळचं आहे. पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ करण्याआधी मुलांनी ही दोन चित्रं स्वतः केली असतील, तर व्याख्या वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शिक्षकांसाठी सूचना

- एकच संगणक असेल तर एक मूल टाइप करेल, एक आज्ञा वाचेल, एक आकडे ताडून पाहील, अशी कामं वाटा आणि दर आज्ञेला अदलाबदल करा.
- वीज गेली तर कृती १ आणि ३ आलेख कागदावर होतात. पाच चौकोन, दोन खडू, आणि दाब कमी-जास्त करून छटा.
- आज्ञा चुकली तर खिडकीत इंग्रजी संदेश येतो. तो पुसू नका, सोबत वाचा. बहुतेक वेळा कोणता शब्द चुकला ते त्यातच लिहिलेलं असतं.
- लाल-हिरव्या छटांचे तक्ते शक्यतो टाळा. लाल-हिरवा रंगभेद न ओळखता येणारी मुलं वर्गात असू शकतात, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं, आणि बऱ्याचदा ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. फिका ते गडद अशी एकाच रंगाची पट्टी सगळ्यांना वाचता येते.

पालकांसाठी

मूल फोनवर काय करतंय याची आपल्याला काळजी असते. या पाठाच्या दिवशी त्याला शेजारी बसवा आणि हवामानाचा कुठलाही रंगीत नकाशा उघडून तीन प्रश्न विचारा : सूची कुठे आहे? मोजलेली ठिकाणं कोणती? आपलं गाव मोजलेल्यात आहे की भरलेल्यात? हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आणि घराच्या अंगणात सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा ठेवून पट्टीने पाणी मोजता येतं. १० मिलिमीटर उंची म्हणजे १० मिमी पाऊस, डबा कितीही रुंद असो. सरकारदरबारी हा आकडा चालणार नाही, पण आपल्या शिवाराचा अंदाज बांधायला तो उपयोगी पडतो.

स्वाध्याय

१. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ६ पिक्सेलची पट्टी करायची आहे. सहाही आकडे आधी वहीत काढा, मग संगणकाकडून तपासून घ्या.
२. निळा (०, ०, २५५) आणि पिवळा (२५५, २५५, ०) यांच्या मधोमध कोणता रंग येईल? तो टाळून हिरव्यातून जाणारी पट्टी करण्यासाठी आज्ञा लिहा.
३. कृती ३ मधला क चा पाऊस ७२ ऐवजी ४८ मिमी धरून रंगाचा आकडा काढा आणि दोन्ही चित्रं पुन्हा करा.
४. एक गाव ब (६० मिमी) पासून १ किमी आणि क (७२ मिमी) पासून २ किमी आहे. शेपर्डच्या नियमाने त्याचा पाऊस किती? ते ६५ च्या वर की खाली?
५. पावसाळ्यातला एक आठवडा इस्लापूर, बोधडी आणि किनवट इथल्या पावसाचे रोजचे आकडे मिळवा. किनवट तालुक्याच्या नकाशावरून निर्देशक काढून त्या आठवड्याची सात चित्रं तयार करा. प्रत्येक चित्राखाली मोजलेली ठिकाणं ठिपक्याने दाखवायला विसरू नका.

पाचवा स्वाध्याय गटाने करायला द्या आणि चित्रं वर्गाच्या भिंतीवर लावा. ठिपके किती थोडे आणि रंगवलेली जागा किती मोठी, हे सात दिवसांच्या चित्रांत मुलांना आपोआप दिसेल.